दोन पुड्या आणि एक बाटली

ब्रिटनमधल्या वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या दुकानात ६० मिलिलिटरची एक बाटली मिळते. तिच्यात द्रव असतो ५०च मिलिलिटर, आणि निकोटीन शून्य. वरची जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. सोबत १० मिलिलिटरची छोटी कुपी घ्यायची, तिच्यात मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटीन असतं. घरी येऊन बाटलीचं टोक काढायचं, कुपी आत रिती करायची, टोक पुन्हा बसवून मिनिट-दोन मिनिटं जोरात हलवायचं. १८० मिलिग्रॅम निकोटीन ६० मिलिलिटरमध्ये पसरलं की मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम पडतं. या बाटलीला तिथे ‘शॉर्टफिल’ म्हणतात. ती कायद्यामुळे जन्माला आली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. गुटखा म्हणजे पानमसाला अधिक तंबाखू. बंदीनंतर टपरीवर दोन पुड्या दिसू लागल्या, एक पानमसाल्याची आणि एक तंबाखूची. खाणारा त्या तळहातावर एक करू लागला. पुढच्या आदेशांत सरकारने सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्रा यांनाही बंदीत ओढलं, तरी खर्रा घोटणारे हात थांबलेले नाहीत.

ज्या वस्तूची तलफ लागते तिच्यावर नियम आला की माणूस मनात दोन प्रश्न विचारतो. हा नियम माझ्या भल्यासाठी आहे का? आणि तो चुकवायला किती कष्ट पडतात? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तो थोडे कष्ट सोसूनही नियम पाळतो. ‘नाही’ असेल तर वळसा शोधतो, आणि वळसा बहुतेक वेळा मूळ वाटेपेक्षा वाईट निघतो. वेपवरचे नियम करणाऱ्यांनी हे दोन प्रश्न पुरेसे मनावर घेतले नाहीत. भारतात तर ते विचारलेच गेले नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी युरोप. युरोपीय संघाचा २०१४चा तंबाखू उत्पादन निर्देश मे २०१६ पासून लागू झाला. त्याचं विसावं कलम वेपबद्दल आहे. निकोटीन मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, उपकरण पुन्हा भरण्यासाठीची निकोटीन असलेली बाटली १० मिलिलिटरपर्यंत, उपकरणाची टाकी २ मिलिलिटरपर्यंत. झाकण लहान मुलांना उघडता न येणारं हवं, द्रवात कॅफीन, टॉरिन किंवा रंग नको, आणि माल बाजारात आणण्याच्या सहा महिने आधी त्याची सगळी माहिती सरकारला द्यायची.

यातल्या कोणत्या गोष्टी वेप करणाऱ्यांनी मुकाट्याने स्वीकारल्या ते पाहण्यासारखं आहे. झाकणाबद्दल कोणी कुरकुर केली नाही. घटकांच्या माहितीबद्दल तक्रार आली ती लहान उत्पादकांची, आणि तीही खर्चापुरती. ओढणाऱ्याला बाटलीत काय आहे हे कळलेलं हवंच असतं. वाद झाला तो २ आणि १० या आकड्यांवर. मोठी वाफ काढणाऱ्या, ७०-८० वॅटवर चालणाऱ्या कॉइलला, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेला, २ मिलिलिटर द्रव पुरत नाही. टाकी पुनःपुन्हा उघडावी लागते आणि प्रत्येक वेळी सांडण्याची, बोटांना लागण्याची शक्यता वाढते. टाकी लहान ठेवण्यामागचा हेतू सांडणं कमी व्हावं असाच होता. कंपन्यांनी टाकीत सिलिकॉनचा एक तुकडा बसवून तिची क्षमता २वर आणली आणि जास्त फुगीर काच सुटा भाग म्हणून विकायला ठेवली. गिऱ्हाईक घरी तुकडा काढतं आणि काच बदलतं. १० मिलिलिटरच्या मर्यादेतून शॉर्टफिल निघाली. नियम शब्दशः पाळला गेला, आणि निकोटीन मिसळण्याचं काम कारखान्यातून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलं.

ओट्यावर काय चुकतं? निक शॉटमध्ये, म्हणजे त्या छोट्या कुपीच्या बाबतीत, चूक झाली तर नुकसान मर्यादित असतं, कारण कुपी १८-२० मिलिग्रॅमचीच असते. पण स्वस्तात पडतं म्हणून काही जण १०० मिलिग्रॅमचं तीव्र द्रावण मिळवून स्वतः मिश्रण करतात. १०० मिलिलिटर द्रव ३ मिलिग्रॅमचा हवा असेल तर त्या द्रावणाचे ३ मिलिलिटर लागतात. दशांश चिन्ह एक घर सरकलं की ३० मिलिलिटर पडतात, आणि पहिल्या दोन-चार झुरक्यांतच मळमळ, घाम, धडधड सुरू होते. ते द्रावण कातडीतूनही शरीरात जातं, म्हणून हातमोजे लागतात. लहान मुलाच्या पोटात त्याचे थोडेसे मिलिलिटर गेले तरी जीव जाऊ शकतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात निकोटीनचा द्रव पोटात जाऊन वर्षभराच्या एका मुलाचा मृत्यू झाला, त्यानंतर अमेरिकेने झाकणांचा कायदा केला. घरात अशी बाटली असावी असं कोणत्याही कायद्याला वाटत नसेल. पण मिश्रणाचं काम घरात ढकलल्यावर ती घरात येण्याची वाट मोकळी होते.

२० मिलिग्रॅमच्या मर्यादेचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. निकोटीन कमी दिलं की माणूस कमी ओढेल असा समज असतो. शरीर मात्र सवयीची पातळी राखायला बघतं. लंडन साउथ बँक विद्यापीठातल्या संशोधकांनी अनुभवी वेप करणाऱ्यांना १८ आणि ६ मिलिग्रॅमचे द्रव देऊन पाहिले. ६ मिलिग्रॅमवाल्यांनी झुरके लांबवले, जास्त वेळा ओढले, द्रव जास्त संपवला, आणि त्यांच्या लघवीत फॉर्मॅल्डिहाइडशी संबंध आल्याच्या खुणाही जास्त सापडल्या. हानी निकोटीनपेक्षा तापलेल्या द्रवाच्या प्रमाणाशी जास्त जोडलेली आहे. तरीही वरची मर्यादा असावी असंच मी म्हणेन. अमेरिकेत ५० मिलिग्रॅमच्या पॉडने, म्हणजे द्रव आधीच भरलेल्या बंद डबीने, शाळकरी मुलांना ज्या वेगाने धरलं ते विसरता येत नाही. फक्त मर्यादा खाली आणत गेलं की हानीही आपोआप खाली येते, हे गणित चुकीचं आहे.

अमेरिकेचं उदाहरण याहून बोलकं आहे. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पॉडमधले फळांचे आणि गोड फ्लेवर बाजारातून काढायला लावले, तंबाखू आणि मेंथॉल तेवढे ठेवले. एकदा वापरून फेकायची डिस्पोजेबल उपकरणं या कारवाईच्या रोखाबाहेर राहिली. मुलं पॉड सोडून डिस्पोजेबलकडे गेली. मग कंपन्यांनी तंबाखूऐवजी प्रयोगशाळेत बनवलेलं निकोटीन वापरलं, कारण कायदा ‘तंबाखूपासून काढलेलं’ असं म्हणत होता. ती पळवाट बुजवायला तिथल्या संसदेला मार्च २०२२ मध्ये कायदा बदलावा लागला. ब्रिटनने १ जून २०२५ पासून डिस्पोजेबलच बंद केले. लगेच चार्जिंगचं भोक आणि बदलता येणारा पॉड असलेली, दिसायला तशीच उपकरणं आली. उपकरण ठेवायचं आणि पॉड बदलायचा, ही सवय लागल्याशिवाय लिथियमच्या बॅटऱ्या कचऱ्यात जायच्या थांबणार नाहीत, आणि सवय कायद्याच्या तारखेला लागत नाही.

आता भारत. १८ सप्टेंबर २०१९ला केंद्राने ई-सिगारेटवर बंदी घालणारा अध्यादेश काढला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्या काळात अमेरिकेतून फुप्फुसाच्या गूढ आजाराच्या बातम्या रोज येत होत्या. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ जण रुग्णालयात गेले आणि ६८ मृत्यू झाले. कारण मुख्यतः निघालं ते काळ्या बाजारातल्या गांजाच्या तेलात घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. दुकानातल्या निकोटीनच्या द्रवाशी त्याचा तसा संबंध नव्हता. भारतातल्या चर्चेत हा फरक कधी नीट पोचला नाही. त्यामुळे आजही अनेक सिगारेट ओढणारे वेपला सिगारेटइतकंच किंवा त्याहून घातक समजतात आणि सिगारेटच चालू ठेवतात. वेप निरुपद्रवी नाही, पण जळणाऱ्या तंबाखूतला डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नसतो. हे सांगायला सरकारी आरोग्य यंत्रणा का कचरते, ते मला समजत नाही.

कायद्याची भाषा कडक आहे. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, जाहिरात, सगळं बंद. निकोटीन असो वा नसो, व्याख्येत दोन्ही बसतात, तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्काही बसतात. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला तर सहा महिने किंवा पन्नास हजार. उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्याला झडती घेता येते.

या सगळ्यात ‘वापर’ हा शब्द गुन्हा म्हणून कुठेच नाही. वेप करणाऱ्यांनी तो नेमका हेरला आणि चार वर्षं असं धरून चालले की विकणं गुन्हा आहे, ओढणं नाही. २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात ई-सिगारेट बाळगणं हे कायद्याचं उल्लंघन आहे. खिशातलं एक उपकरण ‘साठा’ होतं का, हा प्रश्न संसदेने कायद्यातच सोडवायला हवा होता. तो मोकळा राहिल्यामुळे कॉलेजच्या फाटकापाशी पकडलेला मुलगा आणि त्याला पकडणारा शिपाई, दोघांनाही नक्की कलम माहीत नसतं. अशा ठिकाणी प्रकरण कायद्याने न मिटता दुसऱ्याच मार्गाने मिटतं. परदेशातून येणाऱ्या मराठी कुटुंबांचीही हीच अडचण होते. लिथियमची बॅटरी असल्याने वेप चेक-इन सामानात टाकायची नाही, सोबतच ठेवायची, असं विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. आणि मुंबईत उतरताना ती सोबत असणं म्हणजे आयात. लंडन किंवा मेलबर्नहून सुट्टीला येणाऱ्यांनी ती तिकडेच ठेवून यावी, आणि आठवड्याभराची निकोटीनची चावायची गोळी किंवा कातडीवर चिकटवायचा पॅच सोबत घ्यावा.

भारतातल्या वेप करणाऱ्यांच्या मनातला सगळ्यात खोल सल वेगळा आहे. जाळून ओढायची सिगारेट प्रत्येक नाक्यावर मिळते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये सुटी सिगारेट आणि विडी विकण्यावर बंदी घातली, तरी टपरीवर एक सिगारेट मागितली की एकच मिळते. आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्थांचा मोठा हिस्सा आहे. ‘मग बंदी कोणासाठी?’ हा प्रश्न वेप करणारे सतत विचारतात. हिस्सा आहे एवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही, हे मान्य. पण प्रश्न रास्त आहे, आणि सरकारने त्याला कधी सरळ उत्तर दिलेलं नाही. ज्या नियमाच्या हेतूवर संशय बसला तो पाळण्याची नैतिक ओढ संपते. मग उरते फक्त पकडलं जाण्याची भीती, आणि ती फार दिवस टिकत नाही.

बंदीने ओढणाऱ्याच्या हातातली वस्तूही बदलली. बंदीआधी इथले जाणकार वेप करणारे बहुतेक पुन्हा भरता येणारी उपकरणं वापरत. कॉइल बदलायची, कापूस बदलायचा, द्रव पारखून घ्यायचा, निकोटीन १२वरून ६वर, ६वरून ३वर आणायचं. या साखळीला दुकान लागतं आणि सुटे भाग लागतात. चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालात असं काही परवडत नाही. तिथे लहान, सीलबंद, जास्त निकोटीनचं आणि विकून मोकळं होता येईल असंच चालतं. म्हणून आज पानपट्टीच्या गल्ल्याखालून किंवा व्हॉट्सॲपच्या गटावरून मिळतं ते बहुतेक डिस्पोजेबल. वेष्टनावर ५ टक्के लिहिलेलं असेल तर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, आत १२ मिलिलिटर द्रव असेल तर एका उपकरणात ६०० मिलिग्रॅम निकोटीन. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम जातं. वेपमधलं सगळं शोषलं जात नाही, पण हे उपकरण दोन दिवसांत संपवणारा माणूस कुठे पोचलाय याचा अंदाज त्यावरून येतो. हळूहळू उतरण्याची जी एकमेव सोय वेपमध्ये होती, तीच बंदीने काढून घेतली.

आत नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. द्रव संपत आला तरी दिवा लागत राहतो, कोरडा कापूस जळतो आणि घशात जळकट, ओरखडणारी चव येते. तेव्हा ते फेकून द्यायला हवं, पण पंधराशे रुपये मोजलेले असतात म्हणून लोक ओढत राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२५ मध्ये काही डिस्पोजेबलच्या वाफेत शिसं, निकेल आणि अँटिमनी धोकादायक प्रमाणात असल्याचं दाखवलं. शिसं आतल्या मिश्रधातूच्या भागांतून येत होतं. सिंगापूरमध्ये तर २०१८ पासून बाळगणंही गुन्हा आहे आणि अंमलबजावणी आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. तिथे २०२५मध्ये जप्त केलेल्या शंभराहून अधिक वेपची तपासणी झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांशांत इटोमिडेट सापडलं. ते शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरायचं औषध आहे. तपासणी केली म्हणून निदान कळलं. आपल्याकडे २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंद्रा बंदरावर कोट्यवधींचा माल पकडला, पोलिसांच्या जप्तीच्या बातम्याही येत असतात. त्यांत मालाची किंमत असते, आत काय होतं ते नसतं.

बंदीच्या बाजूने असलेल्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा मुलांचा आहे, आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. हायलायटर पेनसारखं दिसणारं, आंब्याच्या वासाचं उपकरण चाळिशीतल्या सिगारेटवाल्यासाठी बनवलेलं नसतं. वेप करणाऱ्या प्रौढांपैकीही अनेकांना वयाचं बंधन आणि खेळण्यासारख्या वेष्टनावरची बंदी योग्य वाटते. हा टेकू सरकारने वापरायला हवा होता. काळ्या बाजारात वय विचारलं जात नाही, आणि दप्तरात पोचणारा माल तिथलाच आहे.

वेपच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ८८६ जणांच्या चाचणीत वर्षभराने वेप गटातले १८ टक्के सिगारेटमुक्त होते, निकोटीनच्या गोळ्या-पॅच गटातले ९.९ टक्के. हा फरक मोठा आहे. पण वेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के तेव्हाही वेप ओढत होते. गोळ्या-पॅचने सोडलेल्यांपैकी ९ टक्केच ती उत्पादनं वापरत होते. शिवाय प्रौढांच्या २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के आढळले. मिश्री लावणाऱ्या बाईचा आणि खर्रा खाणाऱ्या मजुराचा प्रश्न वेपने सुटत नाही. त्यामुळे वेप खुली करा म्हणजे देशाची तंबाखू सुटेल, हे म्हणणं पोकळ आहे. हा प्रश्न शहरी सिगारेटवाल्यांच्या एका लहान गटाचा आहे, आणि लहान गटालाही स्पष्ट कायदा मिळायला हवा.

ऑस्ट्रेलियाने मधली वाट धरली. ऑक्टोबर २०२१ पासून डॉक्टरांची चिठ्ठी, जुलै २०२४ पासून विक्री फक्त औषधांच्या दुकानात, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून प्रौढांना २० मिलिग्रॅमपर्यंत चिठ्ठीशिवाय. कागदावर हे उत्तम दिसतं. पण वेप लिहून देणारे डॉक्टर कमी, ठेवणारी औषधाची दुकानं कमी आणि कोपऱ्यावरच्या दुकानात काउंटरखाली सगळं हजर, अशी अवस्था झाली. सिगारेटवरच्या भारी करामुळे आधीच वाढलेल्या काळ्या बाजारात टोळ्या शिरल्या आणि मेलबर्नमध्ये तंबाखूची दुकानं जाळण्याचं सत्र सुरू झालं. कायदेशीर वाट अरुंद ठेवली तर लोक तिच्यावरून चालत नाहीत, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आपल्या कायद्यात एक दार आधीपासून आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना मिळालेलं उत्पादन ई-सिगारेटच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. ते दार वापरावं. बंद पॉड, फक्त तंबाखूची चव, २० मिलिग्रॅमपासून सुरुवात, पुढे १० आणि ५. हे देताना नावनोंदणी, आणि देण्याची जागा म्हणजे तंबाखूमुक्ती केंद्र. आधी मोजक्या केंद्रांत वर्ष-दीड वर्षाची चाचणी घ्यावी, सहभागी फक्त ज्यांची सिगारेट गोळ्यांनी सुटली नाही असे प्रौढ. सोबत एकट्याच्या वापरापुरतं बाळगणं गुन्हा नाही असं कायद्यातच लिहावं, आणि अठरा वर्षांखालच्यांना विकणाऱ्याची शिक्षा वाढवावी.

याची वाट न पाहता करता येण्यासारखंही बरंच आहे. ५ टक्क्यांच्या डिस्पोजेबलला चिकटलेला मुलगा १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्ती क्रमांकावर फोन करेल तेव्हा समुपदेशकाला वेपचं गणित यायला हवं. ‘दिवसाला किती?’ एवढं विचारून भागत नाही. उपकरण किती मिलिलिटरचं, किती टक्क्यांचं, किती दिवसांत संपतं, हे विचारावं लागतं. अशा माणसाला २ मिलिग्रॅमची निकोटीनची गोळी पुरत नाही आणि दोन दिवसांत तो ‘यानं काही होत नाही’ म्हणून सोडतो. त्याला बहुधा ४ मिलिग्रॅमची गोळी लागते, किंवा पॅच आणि गोळी दोन्ही, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि गोळी कशी खायची हे सांगावं लागतं: सावकाश चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. च्युइंगमसारखी भराभर चावली तर ते पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते. २ मिलिग्रॅमची गोळी पानपट्टीवरही मिळते, ४ मिलिग्रॅमच्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि त्याच पानपट्टीवर सिगारेटला काहीच लागत नाही. हा क्रम बदलायला नवा कायदा लागत नाही, अधिसूचना पुरते.